माहलरच्या नवव्या सिम्फनीचा शेवट किती मिनिटांचा?

संगीतकार गुस्ताव माहलरच्या नवव्या सिम्फनीचा शेवटचा भाग दिग्दर्शक ब्रुनो वॉल्टरने १९३८ मध्ये व्हिएन्नात साधारण १८ मिनिटांत संपवला. त्याच वॉल्टरला १९६१ मध्ये कॅलिफोर्नियात त्यासाठी २१ मिनिटं लागली. हर्बर्ट फॉन कारायानने १९८२ मध्ये बर्लिनला २७ च्या आसपास घेतली आणि लेनर्ड बर्नस्टाइनने १९८५ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जवळजवळ ३०. वाजवणाऱ्यांसमोरचे कागद तेच, स्वरही तेच, एक मात्रा इकडची तिकडे नाही. मग मधली ही बारा मिनिटं आली कुठून?

या प्रश्नावर मामांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही. मामा तारापूरच्या अणुवीज केंद्रात इन्स्ट्रुमेंटेशनला होते, निवृत्त झाल्यावर बोईसरलाच राहिले. मी पालघरला गाणं शिकवते, ख्याल. पालघर, उमरोळी, बोईसर, एवढंच अंतर, त्यामुळे रविवारी शिकवण्या आटोपल्या की मी त्यांच्याकडे जाते. त्यांच्याकडच्या बऱ्याचशा सीडी मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून आणलेल्या आहेत. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आता उरलेलं सगळं फोनवर मिळतं, पण मामा अजून सीडीच लावतात आणि मांडीवर स्वरलेखनाचं छोटं पुस्तक उघडून बसतात.

पहिला वाद मीच काढला होता. म्हटलं, "मामा, आमच्याकडे एकाच गायकाच्या दोन मारव्यांची तुलना होते, कारण दोन्ही वेळा त्याने मारवा नव्याने मांडलेला असतो. इथे तर शेवटच्या पानापर्यंत सगळं लिहून ठेवलंय. लिहिलेलं नीट वाजवलं की नाही, एवढंच बघायचं. त्यात दहा-दहा रेकॉर्डिंग ऐकण्यासारखं काय आहे?"

"सगळं लिहिलेलं नाही," मामा म्हणाले आणि पुस्तकाचं पान माझ्याकडे सरकवलं. "माहलर हा सूचनांचा माणूस. घाई करू नका, इथे जोर नको, इथे पुढे सरका, असं तो पानोपानी लिहितो. पण या सिम्फनीत लयीचा आकडा कुठेही दिलेला नाही. शेवटच्या भागावर काय लिहिलंय? अतिशय सावकाश, आणि तरीही आवरून धरलेलं. आता सावकाश म्हणजे किती, ते ज्याचं त्याने ठरवायचं."

"म्हणजे विलंबित. अमीर खाँसाहेबांचा झुमरा आणि ग्वाल्हेरवाल्यांचा विलंबित, दोन्ही विलंबितच, पण एकात दुसऱ्याची दोन आवर्तनं बसतील."

"तसं म्हण. पण एक फरक लक्षात ठेव. तुमच्यात लय संथ केली की गायकाला भरायला जागा मिळते. इथे भरणा आधीच ठरलेला आहे. लय ओढली तर तोच भरणा ताणावा लागतो, आणि व्हायोलिनचा गज काही लांब होत नाही. अठरा मिनिटांच्या लयीत जो सूर एका गजात निघतो, तो तीस मिनिटांच्या लयीत एका गजात काढायचा तर हात जवळजवळ थांबवावा लागतो. नाहीतर मधेच गज फिरवावा लागतो, आणि तो फिरवलेला कळता कामा नये. म्हणून रांगेतले वादक वेगवेगळ्या क्षणी गज फिरवतात. एकाचा फिरतो तेव्हा शेजारच्याचा चालू असतो."

हे मला एकदम पटलं, कारण याच जिल्ह्यात, डहाणू-जव्हारकडे, तारपा वाजवणारा माणूस हेच एकट्याने करतो. गालात हवा साठवून फुंकत राहायचं, श्वास नाकाने घ्यायचा आणि आवाज तुटू द्यायचा नाही. मी तसं म्हटल्यावर मामांनी मान हलवली, पण लगेच पुढचा मुद्दा काढला: "तारपेवाल्याचा दम किती हे तू ऐकून सांगू शकतेस. तसंच बर्लिनच्या तंतुवाद्यांचा दम किती हे कारायानच्या सत्तावीस मिनिटांत कळतं. लय ही फक्त भावना नाही, ती क्षमतासुद्धा आहे. १९३८ च्या व्हिएन्नाला इतक्या संथ लयीत हे पेललं असतं का, हा प्रश्न विचारायला हवा."

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडे कान होता, आणि कान मला दुसरंच काही सांगत होता.

ही सिम्फनी सुरू होते ती डी मेजरमध्ये, आपल्या पेटीच्या भाषेत पांढरी दोन. सुरुवातीला चेलो आणि हॉर्न अडखळत एकच सूर देतात, मग दुसऱ्या व्हायोलिनांची रांग दोन स्वर खाली उतरते. पांढरी दोनचा षड्ज धरला तर ते दोन स्वर म्हणजे ग आणि रे. ग-रे, आणि थांबा. पुन्हा ग-रे. पुढे सगळा वाद्यवृंद उसळतो, कोसळतो, सूर दहा ठिकाणी फिरून येतो, पण ही जोडी अपुरीच राहते. जवळजवळ अर्ध्या तासाच्या त्या भागाच्या अगदी शेवटी ओबोवर रे लांबत राहतो आणि त्याला हवा असलेला सा मिळतो, तोही फार वर, फार बारीक. मग मधले दोन भाग होतात, खेड्यातल्या नाचाचा एक आणि उपहासाने भरलेला एक, आणि शेवटचा भाग सुरू होतो तो काळी एकमध्ये. षड्जच अर्ध्या स्वराने खाली गेलेला असतो. शिकवणीतल्या मुलींना मी हे पेटीवर वाजवून दाखवलं. पाश्चात्त्य संगीत कधीही न ऐकलेल्या मुलींनाही ते खाली जाणं लगेच कळलं.

१९३८ च्या रेकॉर्डिंगमध्ये हे सगळं ऐकताना मला एक गोष्ट जाणवली. सूर जिथे लांबची उडी घेतो, तिथे व्हायोलिनवाल्यांचं बोट तारेवरून घसरत जातं. दोन स्वरांमधली वाट ऐकू येते. आपण तिला मींड म्हणतो. आणि ज्या स्वरावर पोचायचं तो स्वर हलवलेला नाही, किंवा फारच थोडा हलवलाय. नंतरच्या रेकॉर्डिंगमध्ये याच्या बरोबर उलट आहे: मधली वाट पुसलेली आणि प्रत्येक लांब स्वरावर सतत कंप.

"मामा, हे लोक गातायत," मी म्हटलं. "नंतरचे वाजवतात."

"रॉजर नॉरिंग्टनचं म्हणणं असंच आहे. तो या रेकॉर्डिंगचाच दाखला देतो. म्हणतो, बघा, १९३८ पर्यंत व्हिएन्नावाले सतत कंप देत नव्हते, मग आपण का द्यायचा? त्याने स्टुटगार्टच्या वाद्यवृंदाकडून ही सिम्फनी कंपाशिवाय वाजवून घेतली."

"मग प्रश्न मिटला."

"अजिबात नाही. तू १९६१ चं ऐक."

मामांनी १९६१ चं लावलं. हॉलिवूडमधलं एक सभागृह, लॉस एंजेलिसच्या वादकांतून उभा केलेला कोलंबिया सिम्फनी ऑर्केस्ट्रा, स्टिरिओ ध्वनी, आणि ८४ वर्षांचा वॉल्टर. ती मींड जवळजवळ नाहीशी झालेली.

"दिग्दर्शक तोच," मामा म्हणाले. "माहलरचा शिष्य तोच. मग मींड कुठे गेली? म्हणजे ती वॉल्टरची नव्हतीच. ती व्हिएन्नाची होती, त्या पिढीच्या हाताची होती. वॉल्टरने ती मागितली नाही आणि दुसऱ्या ठिकाणी मिळाली नाही तेव्हा आग्रहही धरला नाही. पण मधल्या रांगांतलं कुठलं वाद्य कधी वर काढायचं, पहिल्या भागात गती कुठे सोडायची, हे दोन्हीकडे सारखं आहे. ते वॉल्टरचं. तुलना याच्यासाठी करायची. एक गोष्ट स्थिर ठेवायची, बाकीच्या बदलू द्यायच्या, म्हणजे कुठलं काय कोणाचं ते कळतं. कोण चांगला आणि कोण वाईट हे ठरवायला मी दहा रेकॉर्डिंग ऐकत नाही."

मामांच्या भूमिकेतला हा सगळ्यात भक्कम भाग आहे, असं मी मानते. आपल्याकडे रेकॉर्डिंगच्या चर्चा फार लवकर पंक्तीच्या होतात. अमक्याचा पहिला नंबर, तमक्याचा दुसरा. त्यातून ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. मामा ऐकतात तेव्हा हाती लागतं.

पण १९३८ ची ती ध्वनिमुद्रिका झाली कशी, हेही सांगायला हवं. १६ जानेवारी १९३८, व्हिएन्नाच्या म्युझिकफेराइनमधला प्रत्यक्ष कार्यक्रम. टेप नाही. अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या, एका बाजूवर चार-साडेचार मिनिटं. एक संपत आली की दुसऱ्या यंत्रावर पुढची सुरू. सत्तर मिनिटांची सिम्फनी वीस बाजूंवर, म्हणजे दहा तबकड्यांवर बसली. श्रोत्यांचा खोकला तसाच राहिला. आणि हे करवून घेणारा एचएमव्हीचा माणूस होता फ्रेड गाइसबर्ग. हे नाव आपल्याला परकं नाही. १९०२ मध्ये कलकत्त्याला येऊन गौहर जानचा आवाज पहिल्यांदा तबकडीवर घेणारा गाइसबर्ग तो हाच. ज्या हातांनी आपल्या संगीताला तीन मिनिटांच्या चौकटीत बसवलं, त्याच हातांनी छत्तीस वर्षांनी माहलरची नववी चार-चार मिनिटांच्या तुकड्यांत सांभाळून नेली.

अब्दुल करीम खाँसाहेब त्याच्या आदल्याच ऑक्टोबरात गेले होते. त्यांची झिंझोटीतली ठुमरी ज्याने त्या खरखरीतून ऐकलीय, त्याला १९३८ च्या व्हिएन्नातली खरखर आड येत नाही. आपल्या कानांना या तबकड्यांची सवय आहे. खरं तर महाराष्ट्रातला ख्याल ऐकणारा माणूस जुनं माहलर ऐकायला अनेक युरोपीय श्रोत्यांपेक्षा जास्त तयार असतो, असं माझं मत आहे.

बोईसरमध्ये तर या जुन्या ध्वनीचा आणखी एक उपयोग आहे, आणि तो मामांनीच दाखवून दिला. जुलैत बाहेर पाऊस, आत पंखा, आणि मधूनच मालगाडी. कारायानच्या डिजिटल रेकॉर्डिंगमध्ये मंद आणि मोठ्या आवाजातलं अंतर प्रचंड आहे. शेवटचं पान लावलं तर पंख्याखाली काहीच ऐकू येत नाही, आणि आवाज वाढवून ठेवला तर आधीच्या कळसाला शेजारी दार वाजवतील. १९३८ च्या तबकडीला एवढं अंतर मावतच नव्हतं. मंद सूर वर आलेले, मोठे खाली आलेले. म्हणून पावसाळ्यात शेवटचं पान कळायचं असेल तर ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचंच लावावं लागतं. मामा हे गुण म्हणून सांगत नाहीत, मर्यादा म्हणून सांगतात.

परंपरेच्या मुद्द्यावर मात्र आम्ही चांगलेच अडलो. मी म्हटलं, "वॉल्टर १८९४ मध्ये हँबुर्गला माहलरच्या हाताखाली आला, पुढे व्हिएन्नातही होता. माहलर मे १९११ मध्ये गेला, त्याने ही सिम्फनी कधी ऐकलीच नाही. जून १९१२ मध्ये ती पहिल्यांदा वाजवली ती वॉल्टरने, आणि १९३८ च्या याच व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर. गुरूने तोंडावर सांगितलेलं ज्याच्याकडे आहे, त्याची लय मी का मानू नये?"

"कारण ऑटो क्लेम्पररही शिष्यच होता. १९०५ मध्ये बर्लिनला दुसऱ्या सिम्फनीतला पडद्यामागचा वाद्यमेळ त्याने सांभाळला, माहलरसमोर. माहलरच्या शिफारशीने त्याला नोकरी लागली. त्याची १९६७ ची नववी ऐक, ८५ मिनिटांच्या आसपास. दगडात कोरल्यासारखी. वॉल्टर जिथे हळवा होतो तिथे क्लेम्परर बघतसुद्धा नाही. आता सांग, गुरूने तोंडावर कोणाला काय सांगितलं होतं?"

मला सवाई गंधर्वांची आठवण झाली. भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, तिघांचा गुरू एक. तिघांचे आवाज डोळे मिटून ओळखता येतात, इतकी अंतरं. तरी तिघांत किराणा आहेच: सूर लावण्याची पद्धत, एकेका स्वरावरचा मुक्काम. "मामा, परंपरेतून लय येतच नाही," मी म्हटलं. "काय महत्त्वाचं मानायचं, तेवढं येतं. वॉल्टर आणि क्लेम्परर दोघांच्याही हातात मधल्या वाद्यांच्या ओळी स्वच्छ सुटतात. कारायानकडे त्या एका झळाळीत मिसळून जातात. मला त्या दोघांचं नातं लागतं ते तिथे."

मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे पुस्तक घेऊन तपासावं लागेल." त्यांच्याकडून याहून मोठी दाद मिळत नाही.

आणि मग तो विषय निघाला, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

१६ जानेवारी १९३८ नंतर आठ आठवड्यांनी, १२ मार्चला, जर्मन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. वॉल्टर ज्यू होता, परदेशात होता, तो परतलाच नाही. जानेवारीतल्या त्या कार्यक्रमात व्हायोलिनांच्या पहिल्या खुर्चीवर आर्नोल्ड रोझे होते, वय ७४, माहलरच्या बहिणीचे यजमान. १८८१ पासून ती खुर्ची त्यांची होती. काही आठवड्यांत त्यांना काढून टाकण्यात आलं. ते लंडनला गेले आणि १९४६ मध्ये तिथेच वारले. त्यांची मुलगी आल्मा हिने आउश्विट्झच्या छळछावणीत कैदी स्त्रियांच्या वाद्यवृंदाचं नेतृत्व केलं आणि १९४४ मध्ये ती तिथेच मरण पावली. वाद्यवृंदातले बाकीचे ज्यू वादकही हाकलले गेले. काही निसटले, काही छावण्यांत मेले.

"हे माहीत असताना ती अठरा मिनिटं मी नुसती लय म्हणून कशी ऐकू?" मी विचारलं. "ती धावतात, मामा. लोक दार लागायच्या आत निघायला बघतायत, तसं ऐकू येतं मला."

"तुला ते ऐकू येतं कारण तुला तारीख माहीत आहे. जानेवारीत वाजवणाऱ्यांना मार्च माहीत नव्हता. वॉल्टरची लय तेव्हा सगळीकडेच चपळ असायची. त्याच वर्षांतलं त्याचं दुसरं काही ऐक, तेही पळतं. भीती तू घालतेयस त्यात. बर्नस्टाइन म्हणायचा, सुरुवातीची ती अडखळती लय म्हणजे माहलरच्या बिघडलेल्या हृदयाचे ठोके. छान गोष्ट आहे. पण मग माणूस पुढे चेलो ऐकत नाही, हृदय ऐकत बसतो."

"गोष्ट बाजूला ठेवायची?"

"निदान पहिल्या वेळी. आणि ठेवायची नसेल तर सगळ्यांच्या बाबतीत ठेवायची नाही. कारायान नाझी पक्षाचा सदस्य होता, हे कागदोपत्री आहे. त्याचं १९८२ चं हे रेकॉर्डिंग तुला स्वतःला सुंदर वाटतं, तू मागच्या महिन्यात शेवटचा भाग दोनदा लावायला सांगितलास. वॉल्टरच्या बाजूने इतिहास मोजणार असशील तर इथेही मोज. मग सांग, तो सूर तुला अजून तसाच लागतो का?"

हा प्रश्न मी घरी घेऊन गेले. उत्तर असं आहे: हो, मोजते. ते सुंदर आहे आणि त्याचा मला त्रास होतो, आणि दोन्ही एकाच वेळी होतं. त्रास होतो म्हणून सूर बेसूर होत नाही, आणि सूर लागला म्हणून त्रास संपत नाही. पुढच्या रविवारी मी मामांना हेच सांगितलं.

"ठीक. आता याहून कठीण," ते म्हणाले. "हाकलणारे कोण होते? त्याच वाद्यवृंदातले. पुढे इतिहासकारांनी कागद तपासले, तेव्हा १९४२ मध्ये १२३ वादकांपैकी ६० जण पक्षाचे सदस्य निघाले. त्यातले कितीतरी जण १६ जानेवारीलाही तिथेच बसलेले होते, रोझेंच्या मागच्या रांगांत. तू ज्याला मींड म्हणतेस, ती त्यांनीही घेतलीय. एकाच वेळी, एकाच बोटाने घेतल्यासारखी. आता मला कानाने वेगळं करून दाखव, यातलं कुठलं व्हायोलिन कोणाचं."

खोलीत तेव्हा शेवटचा भागच चालू होता. मी खरोखर ऐकण्याचा प्रयत्न केला. अर्थातच काही वेगळं निघत नाही. निघूच शकत नाही. रांग म्हणून वाजवण्याचा अर्थच तो.

"नाही सांगता येत," मी म्हटलं. "पण मामा, म्हणूनच हे रेकॉर्डिंग तारखेसकट ऐकायला हवं. त्या दिवशी ते एका सुरात होते. इतकं एकत्र वाजवू शकणारी माणसं दोन महिन्यांत शेजारच्या खुर्चीवरच्या माणसाला बाहेर काढू शकतात. तारीख नसेल तर हे रेकॉर्डिंग नुसतं सुंदर राहतं."

"आणि तारीख असेल तर?"

"तर सहन होत नाही."

"हे न सहन होणं तुझ्यात आहे. तबकडीत नाही."

"तबकडी एकटी कधी ऐकू येते? नाचणाऱ्यांच्या फेराशिवाय मुद्रित केलेला तारपा ऐकलाय तुम्ही? सूर सगळे असतात. पण वाजवणारा चाल कोणासाठी बदलतोय ते कळत नाही, आणि मग चाल बदलल्याचंही महत्त्व कळत नाही. १९३८ मधला खोकलासुद्धा मला हवा आहे. तो सभागृहातल्या माणसांचा आहे."

मामा पुस्तक मिटून म्हणाले, "खोकला मलाही हवा आहे. तो तबकडीत आहे, म्हणून."

आमच्या भूमिका सगळ्यात जवळ येतात त्या इथे. याच्या पुढे त्या सरकत नाहीत, आणि मला ते बरं वाटतं. मामांचं म्हणणं नसतं तर मी १९३८ ला देव्हाऱ्यात बसवून मोकळी झाले असते आणि १९६१ ऐकलंच नसतं. आज १९६१ चा पहिला भाग मला अनेक ठिकाणी जास्त आवडतो. म्हातारा वॉल्टर कुठेही घाई करत नाही, आणि ग-रेची ती जोडी प्रत्येक वेळी थोडी निराळ्या उजेडात ठेवतो. शेवटचा भाग मात्र १९३८ चाच, यावर मी ठाम आहे. अठरा मिनिटांच्या लयीत त्याची चाल गाण्याची राहते. तिशीला पोचते तेव्हा मला सूर दिसतात, ओळ दिसत नाही. मामांना नेमकं तेच हवं असतं. ओळ विरत जाणं हेच त्या पानावर लिहिलेलं आहे, असं ते म्हणतात, आणि शेवटच्या सुरावर माहलरने खरोखरच मरत जाणारा अशा अर्थाची सूचना लिहिलेली आहे.

एका रेकॉर्डिंगवर मात्र आमचं लगेच एकमत झालं. बर्नस्टाइनने बर्लिन फिलहार्मोनिकचं दिग्दर्शन आयुष्यात एकदाच केलं, ऑक्टोबर १९७९ मध्ये, आणि तेव्हा हीच सिम्फनी होती. शेवटच्या भागाच्या कळसाला ट्रॉम्बोन वाजायला हवेत, ते वाजतच नाहीत. सुधारणेला वाव नव्हता, प्रत्यक्ष कार्यक्रम होता. बर्नस्टाइन १९९० मध्ये गेला आणि त्यानंतर ते तसंच बाजारात आलं. पुस्तक घेऊन बसणारे मामा त्या जागी चिडतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "ट्रॉम्बोन नाहीत म्हणून खालची तंतुवाद्यं किती जोर लावतायत ते ऐक. बरोबर वाजलेल्या रेकॉर्डिंगमध्ये हे कधी ऐकू येणार नाही." चुकीच्या मात्रेवर आलेली आणि म्हणून जन्मभर लक्षात राहिलेली तान मीही ऐकली आहे.

पालघर-बोईसरच्या बाजूला हे ऐकणारे आम्ही दोघंच आहोत असं नाही, पण फार जणही नाहीत. हे आपलं नव्हे, असं मला गाण्यातली माणसंच सांगतात. त्यांना मी एक गोष्ट सांगते. मेहली मेहतांनी मुंबईत बॉम्बे सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला तो १९३५ मध्ये, व्हिएन्नातल्या त्या तबकड्यांच्या तीन वर्षं आधी. कफ परेडला वाढलेला त्यांचा मुलगा झुबिन १९५४ मध्ये व्हिएन्नाला शिकायला गेला. दिग्दर्शकांच्या तालमी बघायला मिळाव्यात म्हणून तो आणि क्लाउडिओ अबाडो तिथल्या वृंदगायनात जाऊन उभे राहायचे, आणि त्या तालमी घेणाऱ्यांत म्हातारा वॉल्टरही असायचा. १९७५ मध्ये झुबिन मेहतांनी त्याच व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर माहलरची दुसरी सिम्फनी मुद्रित केली, आणि ती आजही जगभर ऐकली जाते. अबाडोने २०१० मध्ये ल्युसर्नला नववी केली, तिचं चित्रीकरण आहे. शेवटच्या सुरानंतर तिथे कोणी बराच वेळ टाळी वाजवली नाही. म्हणजे ज्या वाटेने हे संगीत पुढे आलं, तिच्यात एक मुक्काम मुंबईचा आहे.

आता माझ्या शिकवणीतल्या मोठ्या मुलींना शेवटचा भाग ऐकवायचा आहे. क्रम कसा लावायचा यावर परत वाद झाला. मी म्हटलं, आधी तारीख सांगते, मग १९३८ लावते. मामा म्हणाले, तसं केलंस तर त्या तुझंच रडणं रडतील. शेवटी ठरलं ते असं: आधी नाव-गाव काही न सांगता १९८२ आणि १९३८ एकापाठोपाठ. मुलींनी काय ऐकलं ते त्यांनी सांगायचं, मींड, कंप, लय, काहीही. मग रोझेंची हकिकत सांगायची आणि १९३८ पुन्हा लावायचं.

"आणि मग कारायानचं सांगायचं, आणि तेही पुन्हा लावायचं," मामा म्हणाले. "नाहीतर खेळ एकतर्फी होतो."

ते मी मान्य केलं आहे. तेवढ्यासाठी पंचेचाळीस मिनिटांची शिकवणी दीड तासाहून लांब करावी लागेल.